नवतेज जोहर नाचतात, हेही छापा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सप्टेंबर आला की तुमच्या पेपरात 377 कलमावर, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवायचं त्या कलमावर, एक लेख ठरलेला असतो. 6 सप्टेंबर 2018, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, नवतेज सिंग जोहर विरुद्ध युनियन ऑफ इंडिया, सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत वगैरे. यंदाही आला, चांगला होता, पण त्यात जोहर म्हणजे नुसते 'याचिकाकर्ते'. हा माणूस भरतनाट्यम करतो, नृत्य बसवतो, एवढी एक ओळ बसली नसती का?

मलाही कुठं माहीत होतं म्हणा. मी साताऱ्यात कोर्टासमोर टायपिंगची कामं करते, वकील लोक आधीचे निकाल जोडायला देतात त्यात हे नाव मी कितीदा तरी टाईप केलंय, आणि माझ्या डोक्यात जोहर म्हणजे दिल्लीचे कुणीतरी मोठे वकील! मुलगा भरतनाट्यमच्या क्लासला जातो, त्याला शिकवणाऱ्या ताई परवा बोलता बोलता म्हणाल्या, अहो ते आमच्यातलेच, चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेत शिकलेले. मी चाटच पडले.

मग शोधलं तर काय, पंजाबी शीख माणूस, चेन्नईला जाऊन शिकला, पुढे दिल्लीत नृत्यांगना लीला सॅमसन यांच्याकडे. 2014 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आहे. दिल्लीत स्टुडिओ अभ्यास नावाची त्यांची जागा, तिथं नाच आणि योग दोन्ही. 2016 ला जे पाच जण सुप्रीम कोर्टात गेले त्यात हे आणि त्यांचे जोडीदार सुनील मेहरा, वीस वर्षांहून जास्त एकत्र राहिलेले दोघं.

आता नाचाचं सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे. भरतनाट्यममध्ये वर्णम नावाची मोठी रचना असते, अर्धा-पाऊण तास सहज चालतं. नाचणारा एकटा, तोच नायिका, तोच तिची सखी, मधेच तोच नायक, कपडे बदलायचे नाहीत, मान जरा वळली नजर खाली गेली की समोर दुसरंच माणूस. पुरुष असला तरी वाट बघायची ती नायिका होऊनच. आणि जोहरांनी तर हीर-रांझा घेतला, पंजाबातली प्रेमाची गोष्ट आणि त्याला कुरवंजी या तमिळ नृत्यनाट्याची जोड. रांझा रांझा करता करता हीरच रांझा होऊन जाते, असं तिकडच्या काव्यात आहेच, मग बाई कोण आणि पुरुष कोण ते शोधत बसा. मूळचा हा नाच देवदासींचा, सदिर म्हणायचे, तो 'सभ्य' करताना त्यातला शृंगार घासूनपुसून काढला यावरही ते बोलतात. म्हणजे कोर्टात जे मागितलं ते हा माणूस आधीपासून नाचातून मांडतच होता, असं मला तरी वाटतं, आणि तुमच्या लेखात तेच गाळलं.

आमच्याकडे मुलगा हॉलमध्ये प्रॅक्टिस करतो, नायिका दाराशी उभी वगैरे. माझा भाऊ आला होता, बघितलं आणि म्हणाला, ताई, पोराचा नाच्या करणार का? मुलगा आत गेला तो जेवायलाच आला बाहेर. आणि याच मामाच्या भजनी मंडळात दर गुरुवारी गवळणी होतात, मिशीवाले पाच-सहा बाप्ये डोळे मिटून कृष्णाची वाट बघतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही! बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल आपल्या आज्या-पणज्या करायच्या, आणि तमाशाच्या सिनेमांतल्या गणपत पाटलांना चिकटलेला नाच्या मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. नाटकातली शालू चालते, फडातला नाच्या नको, असला आपला हिशोब. असो, विषय लांबतोय.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी जोहरांवर छापाल तेव्हा रविवारच्या पुरवणीत त्यांच्या नाचावर लिहा, आणि फोटो कोर्टाच्या पायऱ्यांवरचा नको, नाचतानाचा टाका, जरा मोठा. दिवाळीत मामा परत येणारेय, त्याच्या आधी आला तर कापून फ्रिजवर लावते.

तुमची एक वाचक,
सातारा