पदवीचे गुण कमी असताना एमबीएचा अर्ज

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पदवीला कमी गुण असलेल्यांनी एमबीएचा अर्ज कसा करावा, यावर शिक्षण पुरवण्यांमध्ये जे छापून येते त्यात दोनच सूर असतात. एक, परदेशातल्या नामांकित बिझनेस स्कूलचा नाद सोडा. दुसरा, जीमॅट या प्रवेशपरीक्षेत भरघोस गुण काढा म्हणजे बाकी सगळे माफ. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला दुसरा जास्त महागात पडतो, कारण तो पटण्यासारखा वाटतो. अशा अर्जांचे मसुदे तपासणे हेच आमचे काम असल्याने जरा तपशिलात लिहितो.

स्कूलमध्ये गुणपत्रिका वाचणाऱ्याला मुख्यतः एवढेच ठरवायचे असते की या अर्जदाराला पहिले सत्र झेपेल की नाही. पूर्णवेळ एमबीएच्या सुरुवातीच्या महिन्यांत अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स आणि अर्थशास्त्र एकदम अंगावर येतात. त्यातच इंटर्नशिपच्या मुलाखतींची धावपळ सुरू होते. तिथे मागे पडलेला विद्यार्थी सहसा लवकर सावरत नाही. दुसरे कारण बिझनेस स्कूलच्या क्रमवारीचे, ते उघडपणे कमी बोलले जाते. ‘यूएस न्यूज’च्या क्रमवारीत विद्यार्थ्यांचा पदवीचा जीपीए (श्रेणींची सरासरी) धरला जातो, ‘फायनान्शियल टाइम्स’च्या जागतिक क्रमवारीत तो धरला जात नाही. साहजिकच, सरासरी खाली ओढणारा विद्यार्थी घेताना अमेरिकी स्कूल अधिक हात राखून वागतात. युरोपातल्या वर्षभराच्या एमबीएचा विचार कमी जीपीएवाल्यांनी करावा, तो यासाठीही.

चारपैकी ३.६ किंवा ३.७ ही आघाडीच्या अमेरिकी स्कूलची सरासरी वाचून अनेक जण तिथेच हाय खातात. पण हार्वर्ड असो की स्टॅनफर्ड, किमान जीपीएची अट दोन्हीकडे नाही. सरासरीपेक्षा स्कूलने प्रसिद्ध केलेली मधल्या ऐंशी टक्के विद्यार्थ्यांची कक्षा पाहावी. ती ३.३ ते ३.९ असेल, तर दर दहा विद्यार्थ्यांतला एक जण ३.३ च्या खाली होता. मात्र, हा एक जण बहुधा गर्दीतला नसतो. त्याने काही उभारलेले असते, किंवा तो असा अनुभव घेऊन आलेला असतो जो वर्गात दुसऱ्या कुणाकडे नाही. चारचौघांसारखीच नोकरी, चारचौघांसारखाच अर्ज आणि वर कमी गुण, असे असेल तर त्या दहा टक्क्यांच्या भरवशावर राहू नये.

आता मूळ गुणपत्रिकेकडे. एकूण आकडा एकच दिसत असला तरी वाचणारा तो फोडून पाहतो, म्हणून अर्जदाराने आधी स्वतःच तो फोडावा. कागदावर सत्रवार सरासरी मांडावी, शेजारी त्या सत्रात किती विषय होते ते लिहावे आणि गणित, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, अकाउंटिंग यांच्या श्रेणी वेगळ्या काढाव्यात. आठही सत्रांत २.८ मिळवणारा आणि पहिल्या तीन सत्रांत २.२ पण पुढच्या पाचांत ३.२ मिळवणारा, या दोघांची अखेरची सरासरी जवळपास सारखीच भरते. पण दुसऱ्याची गाडी रुळावर आलेली दिसते आणि पहिल्याबाबत काहीच सांगता येत नाही. आलेख उलटा असेल, म्हणजे सुरुवात चांगली आणि शेवट ढासळलेला, तर तो सगळ्यात अवघड. त्याचे कारण विचारले जाणारच. भाषा किंवा इतिहासात बी आणि स्टॅटिस्टिक्समध्ये ए, अशी गुणपत्रिका उलट प्रकारापेक्षा कितीतरी बरी.

हा आकडा आता वाढवता येईल का? नाही. समजा १२० क्रेडिटची पदवी २.७ ने पूर्ण झाली आहे. त्यानंतर कुणी १२ क्रेडिटचे विषय घेतले आणि सगळ्यांत पूर्ण चार मिळवले, तरी एकत्र सरासरी २.८२ च्या आसपासच येते. शिवाय पदवी बंद झालेली असल्याने हे नवे गुण तिच्या जीपीएत धरलेही जात नाहीत. नंतर घेतलेल्या विषयांचे काम सरासरी ओढण्याचे नाही. आजचा विद्यार्थी तेव्हाचा राहिलेला नाही, याचा तो स्वतंत्र पुरावा असतो.

हा पुरावा दाखवायला दोन, फार तर तीन विषय पुरतात, पण ते योग्य हवेत: स्टॅटिस्टिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि गणिताची बाजूच लंगडी असेल तर कॅल्क्युलस. ते विद्यापीठाने शिकवलेले असावेत, त्यात परीक्षा असावी, श्रेणी मिळावी आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) निघावी. बर्कली आणि यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठांचे एक्स्टेन्शन (बहिःशाल) विभाग असे विषय ऑनलाइन देतात. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनच्या ‘कोर’ कार्यक्रमात बिझनेस अॅनालिटिक्स, मॅनेजरांसाठीचे अर्थशास्त्र आणि फायनान्शियल अकाउंटिंग हे तीन विषय एकत्र असतात. व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचा ढीग लावला तरी त्याने वजन वाढत नाही, कारण कुणी नापास होऊ शकत नाही अशा परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. फक्त ‘उत्तीर्ण’ एवढाच शेरा देणारा पर्यायही याच कारणासाठी टाळावा. आणि तिथे पुन्हा बी पडला तर? मग तो विषय घेतला नसता तर बरे, असे म्हणायची वेळ येते. जुन्या शंकेवर नवे शिक्कामोर्तब होते. म्हणून एका वेळी एकच विषय घ्यावा. अर्ज भरताना ‘अभ्यास सुरू आहे’ असे लिहिलेला विषय जवळजवळ बिनकामाचा, श्रेणी हातात असायला हवी.

काही जण पुराव्यासाठी आणखी एक पदव्युत्तर पदवी घेतात. विषय आवडत असेल तर जरूर घ्यावी, केवळ जीपीए झाकायला नको. स्कूल जी सरासरी प्रसिद्ध करतात ती पहिल्या पदवीची असते आणि पदव्युत्तर वर्गांत श्रेण्या मुळातच सढळ हाताने दिल्या जातात, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

जीमॅटचे महत्त्व आहे, पण ते एकूण आकड्यापुरते नाही. सध्याची परीक्षा सव्वादोन तासांची आहे. क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (माहितीचे विश्लेषण) असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. एकूण गुण २०५ ते ८०५ आणि प्रत्येक भागाचे ६० ते ९०. जुन्या परीक्षेतल्या ७०० च्या तोडीचा आकडा नव्या मोजपट्टीवर ६४५ च्या आसपास येतो. हे माहीत नसल्याने अनेक जण चांगले गुण मिळूनही उगाच खट्टू होतात. गणिताच्या विषयांत कच्चा जीपीए असलेल्याचे एकूण गुण व्हर्बलच्या जोरावर वर गेले आणि क्वांट मागे राहिले, तर शंका होती तिथेच राहते. अशा वेळी एकूण गुणांत दहा-वीस कमी मिळाले तरी चालतील, पण क्वांट भक्कम हवे. ही परीक्षा बारा महिन्यांत पाच वेळा देता येते, दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचे अंतर लागते आणि गुण पाच वर्षे चालतात. कुठले गुण कुठे पाठवायचे ते निकाल पाहून ठरवता येते, त्यामुळे पहिल्या प्रयत्नाची भीती बाळगण्याचे कारण नाही. जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षाही बहुतेक ठिकाणी चालते. मात्र, परीक्षेतून सूट देणाऱ्या स्कूलकडे कमी जीपीएवाल्याने सूट मागू नये. अर्जातला ताजा, स्वतंत्रपणे तपासलेला एकमेव आकडा आपण होऊन काढून टाकण्यासारखे ते होते.

आणि तरीही जीमॅट सगळे माफ का करत नाही? गुण उत्तम आणि जीपीए हलका, या जोडीचा एक अर्थ असाही निघतो की डोके आहे, पण चिकाटी नाही. सव्वादोन तासांच्या परीक्षेत दिसते ती तयारी आणि क्षमता. सोळा आठवडे दर आठवड्याला गृहपाठ वेळेवर देण्याची सवय तिथे दिसत नाही. ती दाखवायला वर सांगितलेले विषय लागतात.

कमी गुणांसारख्या गोष्टींचा खुलासा करायला अर्जात जो ऐच्छिक निबंध असतो, त्यात सगळ्यात जास्त अर्ज बिघडतात. तीन पाने सफाई, प्राध्यापकांवर खापर, ‘गुणांवरून माणूस ओळखता येत नाही’ छापाचे तत्त्वज्ञान, किंवा याच्या उलट, अवाक्षर न काढता मौन. मौनाचा तोटा असा की वाचणारा स्वतःच कारण बसवतो आणि ते बहुधा खऱ्या कारणाहून वाईट असते. निबंध साधारण असा असावा: ‘दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात घरखर्चासाठी मी आठवड्याला २५ तास नोकरी करत होतो. त्या दोन सत्रांची सरासरी २.३ आहे आणि स्टॅटिस्टिक्समध्ये मला सी मिळाला. तिसऱ्या सत्रानंतर नोकरी सोडली, पुढच्या पाच सत्रांची सरासरी ३.२ आहे. गेल्या वर्षी स्टॅटिस्टिक्स आणि फायनान्शियल अकाउंटिंग हे विद्यापीठाचे दोन विषय पूर्ण केले, दोन्हींत ए मिळाला.’ बस्स. कारण, काळ, आकडे, पुढे काय केले. ज्याच्याकडे आजारपण किंवा अडचण असे काही कारण नाही, त्याने ते रचू नये. ‘त्या काळात मी अभ्यासाला पुरेसा वेळ दिला नाही’ हे एक वाक्य पुरते, पुढची तीन वाक्ये नंतर काय बदलले यावर खर्च करावीत. मुख्य निबंधात मात्र या विषयाला हातही लावू नये. अख्खा अर्जच कमी गुणांविषयी होऊन बसला तर त्या माणसाविषयी काही कळायचे राहूनच जाते.

शिफारसपत्रे बहुतेक स्कूल दोन मागतात, त्यातले एक सध्याच्या वरिष्ठाचे. अशाच पदावरच्या इतरांशी तुलना करता अर्जदार कुठे बसतो, आणि त्याला दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती व त्याने तिचे काय केले, हे प्रश्न त्यात असतात. ‘मेहनती, हुशार, प्रामाणिक’ यातून काही हाती लागत नाही. खर्चाचा अंदाज बांधणारे मॉडेल त्याने कसे उभे केले, त्यातली कोणती चूक त्याने पकडली, असे लिहिलेला एक परिच्छेद गणिताविषयीची शंका थेट पुसतो. वरिष्ठांना अशा कामांची एक पानी टिपणे जरूर द्यावीत, पत्र मात्र स्वतः लिहून देऊ नये. दोन पत्रे आणि निबंध यांची भाषा एकाच हातची असली की अनुभवी वाचकाच्या ती लगेच लक्षात येते.

फॉर्म भरताना २.९६ चे ३.० करण्याचा मोह अनेकांना होतो. करू नये. प्रवेश मिळाल्यावर मूळ कागद तपासले जातात आणि तफावत निघाली तर दिलेला प्रवेश मागे घेतला जातो. गुणांची मोजपट्टी वेगळी असेल तर स्वतःच्या हिशेबाने ती चारवर आणू नये. अनेक स्कूल स्पष्ट सांगतात की गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहा, रूपांतर आम्ही पाहू. राहिलेले आणि पुन्हा दिलेले विषयही दिसू द्यावेत. बायोडेटात जीपीए लिहायची सक्ती नसते, तिथे तो गाळण्यात काही गैर नाही. मुलाखतीत प्रश्न आला तर अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन पुढे जावे. हार्वर्डच्या मुलाखतीत समोरच्याने संपूर्ण अर्ज वाचलेला असतो, त्यामुळे निबंधापेक्षा वेगळे कारण तिथे सांगणे फार महागात पडते.

हे सगळे जुळवायला वेळ लागतो. अर्जांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरात बंद होते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. तिसरीत जागा थोड्याच उरतात, तिथे कमकुवत गुणपत्रिका घेऊन जाऊ नये. सप्टेंबरचा अर्ज असेल तर पहिला विषय आदल्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत संपायला हवा, दुसरा मेपर्यंत. जीमॅटचा पहिला प्रयत्न जूनच्या आत झाला तर दुसऱ्याला जागा राहते. यातले काही मागे पडले तर अर्ज रेटण्यापेक्षा जानेवारीची फेरी धरावी.

म्हणून एक विनंती. प्रवेशाची माहिती पुरवणीत अर्जाच्या तोंडावर, म्हणजे ऑगस्टमध्ये छापण्याऐवजी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये द्यावी. विषय निवडणे, श्रेणी मिळवणे, क्वांट सुधारणे ही कामे तेव्हाच हातात असतात. ऑगस्टमध्ये वाचणाऱ्याला ऐच्छिक निबंधाखेरीज काहीच बदलता येत नाही.

आपले,
एमबीए अर्जांचे मसुदे तपासणारे दोन वाचक