दुसरी ट्यूब ठेवायला किती खर्च येतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत त्या विषाणूपटाचं परीक्षण वाचलं. (सिनेमाचं नाव पुन्हा लिहीत नाही, तुमच्याकडून जाहिरात पुरेशी झालीच आहे.) साडेतीन तारे! वर ‘तुटपुंज्या बजेटमध्ये प्रयोगशाळेचं अस्सल वातावरण’ असं प्रशस्तिपत्र. तुमच्या परीक्षकांबद्दल मला आदर आहे, अभिनय-संगीताविषयी ते लिहितात ते बहुतेक वेळा पटतंही. पण लॅबमध्ये ते गेलेच असतील तर रक्त द्यायला, काउंटरच्या अलीकडे. मी सगळी नोकरी पलीकडे उभं राहून केली.

म्हणून मध्यंतराआधीच्या त्या एका दृश्याबद्दल लिहितो. नायिका रुग्णाच्या रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये (म्हणजे ट्यूब गरागरा फिरवून रक्तातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) ठेवते. एकच. समोरची जागा रिकामी. झाकण लावते, बटण दाबते आणि यंत्र गपगुमान फिरायला लागतं! ज्याने ते यंत्र जन्मात एकदा तरी चालवलंय त्याला ठाऊक असतं की ट्यूबच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ट्यूब लागते. दुसरा नमुना नसेल तर साधं पाणी भरून ठेवायचं, झालं काम.

नाही ठेवलं तर? आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने घाईघाईत हाच पराक्रम केला होता. आधी घरघर, मग ठकठक, आणि बघता बघता ते धूड थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकायला लागलं. आमच्या सीनियर मॅडमनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं आणि फिरकी पूर्ण थांबल्यावरही कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही. ट्यूब आत फुटली होती. उडालेले तुषार खाली बसेपर्यंत थांबायचं, मग हातमोजे घालून काचा चिमट्याने उचलायच्या, मग जंतुनाशक, मग पुन्हा पुसणं. रक्त रोजच्या तपासणीचं होतं, तरी दुपार त्यातच गेली. सिनेमातला विषाणू म्हणे श्वासावाटे शिरून तासाभरात माणूस संपवतो. त्याचं रक्त असं फिरवणाऱ्या बाई जगाला वाचवणार आहेत!

‘पैसे नव्हते’ हा बचाव परीक्षकांनी आधीच करून ठेवलाय. मान्य. हवेची नळी जोडलेले पोशाख, बाहेर पडताना रसायनाचा शॉवर हा सगळा जामानिमा परवडत नसेल तर दाखवू नका. पण पाण्याची ट्यूब? उलट लॅबचं दार उघडलं की भसकन बाहेर येणारा तो पांढरा धूर, त्याला नक्कीच पैसे पडले असणार. अशा खोलीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेरून आत जाते. धूर गाळला असता तर निर्मात्याची बचतच झाली असती.

तीच गत शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून हिरवा विषाणू वळवळताना दिसतो त्याची. साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत, बहुतेक विषाणू त्याहून लहान. १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा कुठे त्यांचं रूप दिसलं, तेही कृष्णधवल. रंग मागाहून भरतात. शेवटी लस टोचताच मरायला टेकलेला नायक उठून बसतो, त्यावर मी काही बोलत नाही.

थरार हवा तर तो खरा आहे की. १९७८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला देवीच्या विषाणूवर काम चालायचं त्या लॅबच्या वरच्या मजल्यावर एक वैद्यकीय छायाचित्रकार बाई काम करायच्या. त्यांना देवी झाली आणि त्या गेल्या. विषाणू वर पोहोचला कसा, याचा पक्का उलगडा आजतागायत झालेला नाही. दोन मजले, एक जिना आणि चार नट, एवढ्यात सिनेमा होतो.

आणि हो, या सिनेमात पहिला मरतो कोण? लॅब टेक्निशियन! तोही सूक्ष्मदर्शकाशेजारी बसून खाता खाता, प्रेक्षकांना हसवून. आम्ही लॅबमध्ये पाण्याचा घोटसुद्धा घेत नसू, आणि हे तुमच्या परीक्षकांना ‘हलकंफुलकं’ वाटलं.

जाता जाता आणखी एक. पुरवणीतलं विज्ञानाचं सदर बंद करून तुम्ही राशिभविष्य अर्ध्या पानाचं केलंत, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. हे छापणार असाल तर सेंट्रिफ्यूजचा भाग कृपया कापू नका. जागा कमी पडली तर सूक्ष्मदर्शकाचा परिच्छेद गेला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन