मनूला, गुरुवारच्या आधी

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुझा काळ वेगळा होता," आणि पाठोपाठ "बरं, ठेवते." मला उत्तर द्यायचं होतं, पण शब्द वेळेवर सापडला नाही. सापडला तोवर तू फोन ठेवला होतास. म्हणून लिहितोय. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतोय, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर आईला बोल लावू नकोस. तिला हे दाखवलेलंच नाही.

सीव्हीत नोकरीतल्या खंडापुढे तू लिहिलेल्या त्या 'फ्रीलान्स'वर आज काही बोलणार नाही. सीव्ही तुझा, निर्णय तुझा. फक्त गुरुवारच्या मुलाखतीच्या तयारीबद्दल लिहितो.

दादा सांगत होता, तू रोज रात्री उत्तरं वाचत बसतेस, तीन रंगांच्या पेनांनी खुणा करून. दहावीलाही हेच होतं. तेव्हा मी काही म्हणालो नाही, कारण मार्क चांगले पडत होते. पण वाचताना सगळं येतंय असं वाटतं ना, ते फसवं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा वही मीट आणि मोठ्यानं बोल. दादापुढे बोल. तो हसेल, हसू दे. दर वेळी शब्द निराळे आले तरी चालतील, उलट यायलाच हवेत. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या वाक्याला ओळखू येतं, आणि मधला एखादा शब्द निसटला की पाठांतर करणारा जागीच अडकतो. अशी किती मुलं मी समोर बसलेली बघितली आहेत. पाणी पुढे करायचो आम्ही.

टेबलाच्या त्या बाजूला मी इतकी वर्षं बसलो, म्हणून एक सांगतो. पॅनलवरची माणसं तुला पाडायला टपलेली नसतात. जागा रिकामी असते, काम साचलेलं असतं, वरून विचारणा चालू असते. समोरचा बरा निघाला तर आपली सुटका, एवढंच मनात असतं. चहा गार झालेला असतो आणि सकाळपासून तीच तीच वाक्यं ऐकून कान किटलेले असतात. त्यात कुणी साधं, स्वतःचं काही बोललं की माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

आणि सीव्ही हातात आल्यावर नजर कशी फिरते तेही ठाऊक आहे. आधी तारखा. या नोकरीचा शेवट, त्या नोकरीची सुरुवात. जोड जिथं बसत नाही तिथं पेन्सिलीची बारीक टीक. बघ, आलोच फिरून तिथं. राहू दे.

स्टॉकची तफावत शोधल्याचा तुझा तो किस्सा नक्की सांग. मात्र आम्हाला सांगितला होतास तसा नको. तेव्हा सगळं "आम्ही शोधलं, आम्ही जुळवलं" असं होतं. पॅनल 'आम्ही'ला मार्क देऊ शकत नाही गं. प्रसंग काय होता आणि तुझ्याकडे त्यातलं काय होतं, हे दोन-तीन वाक्यांत उरक. मग तू काय केलंस यावर थांब: कुठल्या नोंदी ताडून पाहिल्यास, कुणाला विचारलंस, पहिला अंदाज चुकला तेव्हा काय केलंस. शेवटी निष्पन्न काय झालं, आकडा असेल तर आकड्यासकट. 'मी' म्हणताना तुझी जीभ अडखळते, हे लहानपणापासूनचं. विज्ञान प्रदर्शनात सगळं यंत्र तू बांधलंस आणि परीक्षक आल्यावर निशाच्या पिंकीला पुढे ढकललंस. बक्षीस घेताना पिंकी पुढे, तू मागे, फोटोत तुझा अर्धाच चेहरा. आई तो फोटो कौतुकानं दाखवते. मला मात्र तो बघितला की अजून राग येतो. तुझा नव्हे, त्या फोटोग्राफरचा.

भाषण लांबतंय, कळतंय मला. आजारपणानं जीभ जड झाली, सवय नाही गेली. रागावू नकोस.

प्रश्न आला की लगेच तोंड उघडायची तुला घाई असते, त्याचं बघ. २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजून पाहिल्या होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जाणारा वेळ साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, कुठं थोडा कमी, कुठं थोडा जास्त. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणून दोन सेकंद गप्प राहिलं तरी आपल्याला युग लोटल्यासारखं वाटतं. समोरच्याला तेवढं वाटत नाही, मुलगी विचार करतेय असं दिसतं. "एक क्षण द्या" म्हण आणि घे तो क्षण. हे तुला मी शिकवावं म्हणजे कमाल आहे. मी 'चष्मा' म्हणायला धडपडायचो तेव्हा सगळे घाईनं शब्द पुरवायचे, अगदी आईसुद्धा. तू एकटी थांबायचीस. हात मांडीवर ठेवून, चेहऱ्यावर काही न दाखवता. थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, "यांच्याजवळ या मुलीलाच बसू द्या."

तेच मला म्हणायचंय. ते दीड वर्ष 'फ्रीलान्स' नव्हतं, मनू.

नाही बोलणार म्हणालो होतो, पण आता लिहून टाकतो म्हणजे मोकळा होईन. तुझी मैत्रीण म्हणते सगळेच असं लिहितात. लिहीत असतील. पण हल्ली निवड झाल्यावरही कागद तपासतात. रिलीव्हिंग लेटर मागतात, जुन्या ठिकाणी विचारतात, फ्रीलान्स म्हटलं की काम कुणासाठी केलं ते विचारतात. काय सांगशील? आणि तपासणीचं जाऊ दे. त्या एका शब्दाचा सांभाळ करण्यात तुझं अर्धं लक्ष जाईल, आणि बाकीची उत्तरंही त्याच्या धाकात देशील. खोटं सांभाळणाऱ्याचा आवाज कसा होतो ते मी ऐकलेलं आहे. तुझा तसा व्हायला नको.

फार तर एवढं म्हण: "वडिलांना पक्षाघात झाला, म्हणून मी दीड वर्ष नोकरी सोडून घरी होते. आता घरची घडी बसली आहे, मी पूर्णवेळ कामाला तयार आहे." बास. आवाज खाली नको, 'सॉरी' नको, आणि माझं वर्णन करून कुणाला हळवं करणंही नको. त्यांना शंका एकच असते, हे पुन्हा होईल का. तिला दुसऱ्या वाक्यात उत्तर आहे. त्यांनी आणखी विचारलंच तर विम्याचे क्लेम, औषधांचं वेळापत्रक, फिजिओच्या वेळा हे सगळं तू कसं लावलंस ते सांग. तेही कामच होतं, मी त्या कामाचा साक्षीदार आहे.

मला तुझ्या मुलाखतीची तशी काळजी नाही. रात्री जाग येते ती वेगळ्याच विचारानं. त्या कागदावरची मोकळी जागा माझी आहे, आणि ती भरायला तुला खोटा शब्द शोधावा लागतोय.

असो. हातपाय गार पडतात म्हणालीस, त्याचंही लिहितो. आपली धडधड सगळ्यांना दिसतेय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात फार थोडी दिसते. २००३ च्या एका प्रयोगात भाषण करणाऱ्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. बाकी दादा म्हणतो तसं आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायचं असेल तर राहा बापडी. पण तसं उभं राहिल्यानं हार्मोन बदलतात हा जो दावा २०१० मध्ये झाला होता, तो २०१५ मध्ये जास्त माणसं घेऊन तपासल्यावर टिकला नाही. नंतर मूळ अभ्यासातल्या एका संशोधिकेनंच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. त्यापेक्षा अर्धा तास आधी पोच आणि खुर्चीत सावकाश श्वास सोडत बस.

एखादं येत नसेल तर "माहीत नाही" म्हण, आणि ते कसं शोधशील हे सांग. शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतील. तेव्हा "नाही" म्हणून उठू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय व्हायला हवं, असं विचार. हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला आणि ते सगळे लक्षात राहिले.

निळा कुडता आईनं इस्त्री करून ठेवलाय, दादाबरोबर पाठवतेय. मूळ प्रमाणपत्रं हिरव्या फायलीत आहेत, वरच्या कप्प्यात नाही, खालच्या. झाल्यावर फोन कर. आधी आईला कर. मला केलास तर मी मुलाखत कशी झाली ते न विचारता त्या दीड वर्षाचंच विचारीन, आणि तू पुन्हा "बरं, ठेवते" म्हणशील.

तुझा,
बाबा

ता. क. सीव्ही बदललास तर मला पाठवू नकोस. बदललास एवढं दादाला सांग, तो मला सांगेल.