कुंपणाचा वाद : आधी टेप, मग तहसील

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विषय : शेजाऱ्यांमधील हद्दीचे किरकोळ वाद

बाउंड्रीच्या भिंतीवरून किंवा तारेच्या कुंपणावरून दोन शेजाऱ्यांत जुंपली आणि प्रकरण ठाण्यापर्यंत गेले, अशी बातमी आपल्या वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. मी ओव्हरसिअर (बांधकामावर देखरेख करणारा) म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीत कोणाचेही बांधकाम निघाले की 'काका, जरा टेप घेऊन या' असे बोलावणे येते. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, इंदूरच्या वसाहतींमधील हे बहुतेक वाद जागा बळकावण्याचे नसतातच, ते मोजणीचे असतात; आणि दोघांनी मिळून एकदा मोजण्याऐवजी प्रत्येक जण आपापला मिस्त्री आणून वेगळे मोजतो म्हणून ते चिघळतात. जिथे खरोखरच कोणी प्लॉट गिळंकृत केला आहे किंवा गृहनिर्माण संस्थेच्या जमिनीचाच घोटाळा आहे, तिथे माझ्या या पत्राचा उपयोग नाही, तिथे सरळ वकील गाठावा. मी लिहितो आहे ते चार-सहा इंचांच्या भांडणाविषयी.

हे चार-सहा इंच म्हणजे किती, तेही पाहू. आपल्याकडे ३० बाय ५० चा प्लॉट सर्रास आढळतो. दोन प्लॉटांच्या मधोमध नऊ इंची भिंत बांधली तर प्रत्येकाच्या हद्दीत साडेचार इंच येतात, आणि पन्नास फूट लांबीवर ही जागा होते पावणेएकोणीस चौरस फूट, म्हणजे पंधराशे फुटांपैकी सव्वा टक्का. आजचे जमिनीचे भाव पाहता ही रक्कम लहान नाही, त्यामुळे भांडणाऱ्याला क्षुद्र मनाचा म्हणण्याचे कारण नाही. मात्र भिंत पूर्ण आपल्याच जागेत बांधणाऱ्याची दुप्पट जागा जाते, ती भिंत पुढे एकट्याची ठरते, आणि तिला खिळा ठोकण्यावरूनही पुन्हा तक्रार होते, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

आता मोजणी चुकते कुठे? पहिले कारण फूट आणि मीटर यांच्या घोळाचे आहे. रजिस्ट्रीत (खरेदीखतात) ३० फूट लिहिलेले असते आणि मंजूर ले-आउट (वसाहतीचा प्लॉटवार नकाशा) मीटरमध्ये असतो. ३० फूट म्हणजे ९.१४४ मीटर. नकाशावर कोणी ते ९.१४ लिहितो, कोणी ९.१५. एका प्लॉटमागे हा फरक फक्त एका सेंटिमीटरचा आहे, पण एका ओळीत दहा प्लॉट असले की तो दहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार इंच होतो. ओळीतला एक जण पूर्वेच्या कोपऱ्यापासून मोजत आला आणि दुसरा पश्चिमेच्या कोपऱ्यापासून, तर दोघेही प्रामाणिक असूनही त्यांच्या रेषा जुळणार नाहीत, आणि ज्याचे घर सर्वांत शेवटी बांधले जाईल त्याच्या वाट्याला उरलेसुरले येईल. त्यातच तीस वर्षांपूर्वी चौकीदाराने नजरेच्या अंदाजाने रोवलेले लोखंडी अँगल पुढे सर्वजण हद्दीचे दगड म्हणून मानू लागतात.

दुसरे कारण आपल्या पायाखालीच आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. माळव्याची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया आपण खोल नेतो, पण बाउंड्रीच्या भिंतीला दीड-दोन फूट खणून विटा रचायला सुरुवात करतो. अशी भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी खाली बसते, आणि शेवटी एका बाजूला कलते. त्या बाजूला मोगऱ्याला रोज पाणी घातले जात असेल किंवा कूलरचे पाणी तिथेच मुरत असेल तर ती आणखी लवकर कलते. मग शेजारी म्हणतो, 'भाईसाहब, तुमची भिंत आमच्याकडे सरकली.' भिंतीचा पाया तिथेच असतो, वरचा भाग ओळंब्यातून, म्हणजे सरळ उभ्या रेषेतून, गेलेला असतो. दोरीला वजन बांधलेला ओळंबा वरून खाली सोडून पाहिले तर दोन मिनिटांत कळते की हद्द सरकली की भिंत झुकली. हद्दीचा हिशेब नेहमी पायाशी करावा, वरच्या विटेशी नाही. नवी भिंत बांधताना मुरूम लागेपर्यंत खणावे, निदान पायात मुरूम भरून वर सिमेंटचा बीम द्यावा, म्हणजे पुढच्या पिढीला हे भांडण वारशाने मिळणार नाही.

आमच्याच भागातले एक प्रकरण सांगतो. एका गृहस्थांनी जुन्या तारेच्या कुंपणाला लागून पायाची नाली खणायला घेतली; शेजारच्या काकूंनी मजुरांचे फावडे धरून काम थांबवले, कारण त्यांच्या मते खणती वीतभर आत आली होती. दोन्हीकडचे मिस्त्री येऊन गेले होते आणि प्रत्येकाने आपल्या मालकाच्या बाजूने माप दिले होते. आम्ही ले-आउटची प्रत समोर ठेवून रस्त्याच्या कोपऱ्यापासून ओळीतले सगळे प्लॉट मोजत आलो, तेव्हा असे निघाले की, दोघांच्याही जागेची रुंदी तीस फुटांपेक्षा थोडी कमी भरते, आणि ती जवळजवळ सारखीच कमी भरते. ज्या कोपऱ्यावरच्या घराने पहिल्यांदा भिंत घातली होती, त्याने चार इंच जास्त घेतले होते. अर्थात त्यालाही ते ठाऊक नव्हते. त्याची भिंत पाडायला लावण्याची कल्पना कोणीही काढली नाही, ही मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली. ठरले असे की, मध्ये नऊ इंची भिंत न घालता साडेचार इंची भिंत घालायची, दर आठ-दहा फुटांवर नऊ इंची पिलर द्यायचे आणि खर्च निम्मा-निम्मा करायचा. एवढे झाल्यावर पिलरचा फुगवटा कोणाच्या अंगणात यावा यावरून पुन्हा अर्धा तास गेला! शेवटी एक पिलर इकडे, एक तिकडे, असे आळीपाळीने घेतले. बांधकामाच्या दृष्टीने त्यात काहीही कमीपणा नाही.

ज्यांना स्वतः मोजायचे आहे त्यांनी दोन्ही घरची माणसे हजर असतानाच मोजावे. सुरुवात मधल्या वादग्रस्त कुंपणापासून करू नये, ओळीच्या टोकाच्या पक्क्या खुणेपासून करावी. कापडी टेप ताणली जाते आणि तिचे पहिले दोन इंच बहुधा तुटलेले असतात, म्हणून स्टीलची टेप घ्यावी आणि ती जमिनीच्या उताराबरोबर न धरता आडवी धरावी. ३० बाय ५० चा प्लॉट काटकोनात असेल तर त्याचे दोन्ही कर्ण सारखे, ५८ फूट पावणेचार इंच भरायला हवेत. समोरची रुंदी बरोबर आणि मागची कमी, अशी तक्रार असेल तेव्हा हे कर्णच खरी गोष्ट सांगतात. रेषा नक्की झाली की लाईनदोरी बांधून पायाच्या कामाआधी दोघांनी फोटो काढून ठेवावेत.

यानंतरचे काम लोक टाळतात, ते म्हणजे लिहून ठेवण्याचे. 'शेजाऱ्यात कसले कागद करायचे' असे म्हणण्याची आपली पद्धत आहे, परंतु कायद्याची बाजू पाहिली तर कागद दोघांनाही सांभाळतो. मालमत्तेच्या ताब्यासाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बारा वर्षांची आहे, आणि शेजारी आपल्या हक्काविरुद्ध उघडपणे जागा वापरत राहिला तर ती मुदत त्याच्या बाजूने धावते. खिडकीच्या उजेडाचा किंवा वाटेचा सुविधाधिकार (शेजारच्या जागेवरचा वापराचा हक्क) १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळतो. या भीतीपोटीच पुष्कळ सज्जन माणसे एकेक इंचासाठी हट्टाला पेटतात. परंतु परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क निर्माण होत नाही. 'हे तारेचे कुंपण सोयीसाठी घातले आहे, ते हद्द म्हणून मान्य केलेले नाही, आणि पुढे पक्के बांधकाम करताना ले-आउटप्रमाणे मोजणी होईल' एवढी दोन ओळींची चिठ्ठी, तारीख घालून, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सहीने ठेवली, तर शेजाऱ्याच्या मुलाने किंवा त्याच्याकडून घर घेणाऱ्याने उद्या वेगळा अर्थ काढण्याची शक्यता फारच कमी होते. जागेची मालकीच बदलायची असेल, तर मात्र चिठ्ठी पुरत नाही, नोंदणीकृत दस्तच लागतो.

सरकारी मोजणीबद्दलही थोडा गैरसमज आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १२९ खाली तहसीलदाराकडे सीमांकनाचा अर्ज करता येतो. राजस्व निरीक्षक येतो, आजूबाजूच्यांना सूचना जाते, पंचनामा होतो. शेतासाठी, किंवा कॉलनीच्या बाहेरच्या हद्दीसाठी हाच मार्ग योग्य आहे. परंतु बऱ्याच जुन्या वसाहतींत खसऱ्याच्या (सर्व्हे नंबरच्या) नकाशावर प्लॉट वेगळे दाखवलेलेच नसतात, नकाशाची तरमीम (दुरुस्ती) झालेली नसते. त्यामुळे पटवारी (तलाठी) मूळ सर्व्हे नंबर दाखवू शकतो, तुमची आणि शेजाऱ्याची मधली रेषा नाही. ती रेषा नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याने मंजूर केलेल्या ले-आउटमध्ये, आणि विकास प्राधिकरणाची स्कीम असेल तर तिच्या नकाशात व ताबापत्रात सापडते. हे आधी माहीत नसल्याने लोक तहसीलच्या चकरा मारतात आणि दोष पटवाऱ्याला देतात.

ठाण्यात जाण्याने तर हद्द कधीच ठरत नाही. हाणामारीची वेळ आली तर जावेच लागते, पण तिथे मालकीचा निवाडा होत नाही; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १०७-११६ म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ आणि १३५ या कलमांखाली दोन्ही पक्षांना शांतता राखण्यासाठी बाउंड ओव्हर करतात, म्हणजे तसे बंधपत्र लिहून घेतात, आणि मग तारखेला समोरासमोर बाकावर बसलेले दोन शेजारी पुढे वर्षानुवर्षे एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत. आपसात जमलेच नाही, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जाऊन लोक अदालतीत प्रकरण ठेवावे. तिथे कोर्ट फी लागत नाही, आधी भरली असेल तर तडजोड झाल्यावर परत मिळते, निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही, ही त्याची मर्यादाही आहे आणि सोयही.

राहता राहिली माझी विनंती, ती रहिवासी संघांना आणि आपल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही आहे. बऱ्याच कॉलन्यांत मंजूर ले-आउटची प्रत कोणाकडेच नसते. जुन्या सचिवांच्या कपाटात असते आणि ते गेल्यावर रद्दीत जाते. प्रत्येक संघाने तिची प्रमाणित प्रत काढून ठेवावी, मागेल त्याला झेरॉक्स द्यावी. शिवाय गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते होताना थरावर थर चढून कोपऱ्यांवरचे जुने दगड खाली गाडले गेले आहेत. रस्त्याचे नवे काम निघण्याआधी ते दगड शोधून, त्यांच्या जागा कोपऱ्यावरच्या घरांच्या पक्क्या कोनापासून मोजून वहीत लिहून ठेवल्या, तर पुढे कोणालाही ओळ मोजायला सुरुवात कुठून करावी हे विचारावे लागणार नाही. आमच्या गल्लीत अजून दोन दगड दिसतात, बाकीचे शोधायला कोणी तरुण हात मिळाले तर टेप घेऊन मी यायला तयार आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर
सुदामा नगर, इंदूर