कोपऱ्यातल्या बटणाने संकेतस्थळ सुगम होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे थोरले बंधू ७८ वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तरीही एनव्हीडीए या मोफत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने ते संगणक वापरतात, पत्रव्यवहार स्वतः करतात आणि वर्तमानपत्रही रोज ऐकतात. मागच्या महिन्यात एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांना अर्ज भरायचा होता. दोन दिवस खटपट करूनही तो त्यांना भरता आला नाही, म्हणून अखेर मी भरला.

टॅब कळ दाबत दादा एकेका रकान्यावर जात होते आणि यंत्र दरवेळी केवळ रिकामी चौकट असल्याचे सांगत होते. ‘नाव’, ‘पत्ता’, ‘खाते क्रमांक’ हे शब्द डोळ्यांना चौकटीशेजारी दिसत होते खरे, पण पान तयार करणाऱ्याने ते चौकटीशी जोडलेच नव्हते. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही, पानामागची मांडणी वाचतो. तिथे जे जोडलेले नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. जन्मतारीख टंकण्याची सोय नव्हती. ती एका चिमुकल्या कॅलेंडरातून माउसनेच निवडायची, आणि तेही एकेक महिना मागे जात. ७८ वर्षे मागे जायला नऊशेहून अधिक टिचक्या लागतात, हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी नुसताच वैतागलो होतो. पुढे अर्ज माणूसच भरतो आहे ना हे तपासणाऱ्या कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे आली, ती ऐकण्याची सोय नव्हती. ती मी ओळखून सांगेपर्यंत मुदत संपली आणि भरलेला सगळा अर्ज पुसला गेला.

दादांना या सगळ्यात त्रासापेक्षा संकोच अधिक वाटला. मी सख्खा भाऊ असलो, तरी बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावा लागणे हे आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळलेल्या माणसाला सोपे नसते.

गंमत अशी, की त्याच पानाच्या कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीचे चिन्ह असलेले एक बटण दिमाखात झळकत होते. ते दाबले की अक्षरे मोठी होत, रंग उलटे होत आणि एक आवाज पान वाचू लागे. तो आवाज आणि दादांच्या स्क्रीन रीडरचा आवाज एकमेकांत मिसळून दोन्ही निरुपयोगी ठरत. ज्याला वाचून दाखवणारे यंत्र लागते, त्याच्याकडे ते आधीच असते. एरवी तो त्या बटणापर्यंत पोहोचणार तरी कसा? चौकटींना नावे नाहीत आणि कॅलेंडर कळफलकावर चालत नाही, हा मूळ दोष अशा बटणाने झाकला जातो, दुरुस्त होत नाही. नावे जोडायला मात्र चौकटीमागे एखादी ओळ पुरते.

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ते वाचताना लक्षात येते, की ते केवळ अंधांसाठी नाहीत. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हा नियम फिकट राखाडी अक्षरांपुढे डोळे ताणणाऱ्या माझ्यासारख्यांच्याही कामाचा आहे. मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एक कळ दाबून ती वाढवण्यासाठी निदान २० सेकंद द्यावेत, हा नियम तर सावकाश टंकणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

आपल्या बडोद्यात आणखी एक अडचण आहे. इथे एकाच घरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी वाचले जाते. पान मराठीत असूनही त्यामागे भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदवलेली असेल, तर स्क्रीन रीडर इंग्रजी उच्चार लावू पाहतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीऐवजी जुन्या फॉण्टमध्ये टंकलेल्या सूचनांतून अर्थहीन अक्षरे ऐकू येतात, आणि नुसता कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ बहुधा मुकीच राहते. सयाजीराव महाराजांच्या काळात याच शहरातून पुस्तकांच्या पेट्या भरून फिरती ग्रंथालये खेडोपाडी जात, ही आठवण अशा वेळी हटकून येते.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही संस्थांना लागू आहे. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरवला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. ‘डोळे मिचकावा’ अशी अट घालणाऱ्या ई-केवायसीमुळे, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीमुळे, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांची आणि अंध नागरिकांची जी अडवणूक होत होती, त्यातून हे प्रकरण उभे राहिले होते. संकेतस्थळे आणि ॲप तयार करताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे, असेही त्या निकालात सांगितले आहे.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते नेमके याच चाचणीकडे. माझा भाचा संकेतस्थळे तयार करण्याच्या व्यवसायात आहे. तो सांगतो, की काम ताब्यात घेताना मोठ्या पडद्यावर मुखपृष्ठ दाखवले जाते, सरकती चित्रे पाहून मंडळी समाधानी होतात, आणि अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा आपल्या शहरातील कार्यालयांना आणि बँकांना माझी विनंती आहे, की ठेकेदाराचे अंतिम बिल मंजूर करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी माउस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर एक अर्ज पूर्ण भरून पाहावा, आणि त्यानंतर एखाद्या अंध आणि एखाद्या वृद्ध नागरिकाला मानधन देऊन तोच अर्ज भरायला सांगावा. त्यांना तो भरता आला नाही, तर बिल थांबवावे.

दादांचा अर्ज मंजूर झाला की नाही, हे पाहण्यासाठी त्याच संकेतस्थळावर पुन्हा कॅप्चाची अक्षरे ओळखावी लागतात. तूर्त ते काम दर सोमवारी माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
दांडिया बाजार, बडोदे