‘फेरमतदान’ नव्हे, दुसरी फेरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकी सिनेटच्या निवडणुकांविषयी आपल्या अंकात मजकूर येतो, तेव्हा जॉर्जिया राज्यासंदर्भात ‘फेरमतदान’ हा शब्द हमखास वाचायला मिळतो. मी मूळची नाशिकची. गेली सतरा वर्षे अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते, इथली नागरिक आहे, मतदार आहे. या शब्दामुळे वाचकांचा मोठा गैरसमज होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फेरमतदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बिघडलेले यंत्र येते, केंद्रावरची दंडेली येते, आयोगाने रद्द केलेले मतदान येते. २०२२ मध्ये सिनेटसाठी दुसऱ्यांदा मत द्यायला मी निघाले, तेव्हा नाशिकहून आलेल्या सासूबाईंनीही हेच विचारले, “परत मत? मागच्या महिन्यात काही घोळ झाला होता का गं?” घोळ काहीच झाला नव्हता. जॉर्जियातून सिनेटवर जायला निम्म्याहून जास्त मते लागतात. तेवढी कुणालाच पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. आपल्याकडे पस्तीस टक्के मतांवरही आमदार होता येते, बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त असले की झाले. इथे तसे चालत नाही.

एरवी या अटीची कुणाला आठवणही होत नाही. लढत अटीतटीची झाली की मात्र लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला पडणारी दोन-तीन टक्के मते दोन्ही मोठ्या उमेदवारांना पन्नासच्या खाली अडवून धरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांना ४९.७ टक्के मते होती. सुमारे साडेतेरा हजार मते आणखी मिळाली असती, तर ते त्याच फेरीत पुन्हा सिनेटर झाले असते. पन्नास लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात साडेतेरा हजार! ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीत डेमोक्रॅट पक्षाच्या जॉन ऑसॉफ यांनी त्यांना सुमारे पंचावन्न हजार मतांनी हरवले. त्याच दिवशी दुसऱ्या जागेवर त्याच पक्षाचे रेव्हरंड राफेल वॉरनॉक निवडून आले. सिनेट ५०-५० अशी विभागली गेली आणि डेमोक्रॅट उपाध्यक्षांच्या निर्णायक मतामुळे सभागृह त्यांच्या पक्षाकडे गेले.

याचा अर्थ नऊ आठवड्यांत लोकांचे मत बदलले, असा आपल्या वाचकांनी घेऊ नये. दुसरी फेरी ही पहिल्या मतदानाची उजळणी नसते, ती वेगळीच निवडणूक असते. कोण आवडतो, याचे उत्तर बहुतेकांनी नोव्हेंबरमध्येच दिलेले असते. खरा प्रश्न असतो, परत कोण येतो?

१९९२ चे उदाहरण पाहा. डेमोक्रॅट सिनेटर वाइश फाउलर नोव्हेंबरमध्ये सुमारे ३५ हजार मतांनी पुढे होते, पण ४९ टक्क्यांवर अडकले. तीन आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, दुसरी फेरी झाली आणि रिपब्लिकन पॉल कव्हरडेल त्यांना सुमारे १६ हजार मतांनी हरवून गेले. पहिल्या फेरीत साडेबावीस लाख मते पडली होती, दुसऱ्या फेरीत साडेबारा लाख. दहा लाख माणसे घरी राहिली! अध्यक्षपदाच्या लढतीसाठी, बिल क्लिंटन यांच्यासाठी आलेला मतदार एकट्या सिनेटच्या जागेसाठी परत आला नाही. २००८ मध्ये तेच घडले, अधिक ठळकपणे. रिपब्लिकन सिनेटर सॅक्सबी चॅम्ब्लिस यांची नोव्हेंबरमधली आघाडी तीन टक्क्यांची होती. ओबामांचे नाव मतपत्रिकेवर नसलेल्या २ डिसेंबरच्या फेरीत ती जवळजवळ पंधरा टक्क्यांवर गेली.

त्यामुळे दुसरी फेरी रिपब्लिकन पक्षाच्याच पथ्यावर पडते, असे इथले जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले. २०२१ मध्ये हे गणित उलटले, कारण यावेळी परत न येणारा मतदार दुसऱ्या बाजूचा होता. मतमोजणीत फसवणूक झाली असे अध्यक्ष ट्रम्प दोन महिने सांगत होते, आणि ग्रामीण भागातल्या त्यांच्याच मतदारांचा मतदानावरचा विश्वास उडाला. शहरात मात्र दारावरची बेल थांबत नव्हती. आमच्या घरी एका आठवड्यात चार वेगवेगळे गट येऊन गेले. २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प नोव्हेंबरमध्येच आरामात जिंकले होते, आणि सिनेटसाठी वॉरनॉक यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्यांच्याच पक्षाच्या हर्शेल वॉकर यांना त्यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मते कमी होती. ६ डिसेंबरच्या मतपत्रिकेवर केम्प यांचे नाव नव्हते. वॉकर यांना स्वतःच्या बळावर लोकांना बाहेर काढायचे होते, ते जमले नाही. नोव्हेंबरमधली वॉरनॉक यांची ३७ हजारांची आघाडी एक लाखाच्या जवळ पोहोचली.

मी स्वतः कुणाला मत दिले, हा या पत्राचा विषय नाही. नियम वाकवण्यात इथे कुठलाच पक्ष मागे राहिलेला नाही. फाउलर हरल्यावर डेमोक्रॅटांनी पन्नासची अट ४५ टक्क्यांवर आणली. १९९६ मध्ये त्यांचे मॅक्स क्लेलंड ४९ टक्क्यांहूनही कमी मतांवर एकाच फेरीत सिनेटवर गेले. पुढे सत्ता रिपब्लिकन पक्षाकडे आली आणि २००५ मध्ये पन्नासची अट परत आली. या अटीचा जन्म तर आणखी अस्वस्थ करणारा आहे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामीण काउंटींना (म्हणजे जिल्ह्यांना) झुकते माप देणारी जॉर्जियाची जुनी पद्धत रद्द केली. त्याच सुमारास मेकनचे आमदार डेनमार्क ग्रूव्हर यांनी बहुमताच्या अटीचा आग्रह धरला. गोऱ्यांची मते अनेक उमेदवारांत फुटली आणि कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा पडली, तर त्यांचा उमेदवार निवडून येईल, ही त्यामागची भीती होती. १९६४ मध्ये कायदा झाला. मार्टिन ल्यूथर किंग ज्या एबेनेझर चर्चचे धर्मगुरू होते, त्याच चर्चचे धर्मगुरू असलेले वॉरनॉक याच दुसऱ्या फेरीतून जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. ती बातमी वाचताना त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता माझी खरी तक्रार. २०२१ च्या निवडणूक कायद्याने दोन फेऱ्यांमधले अंतर नऊ आठवड्यांवरून चारवर आणले. नुसते वाचले तर लवकर निकाल लागतो, बरेच झाले, असे वाटते. पण नव्या मतदाराची नोंदणी मतदानाच्या सुमारे महिनाभर आधी बंद होते. म्हणजे पहिल्या फेरीचा निकाल लागण्याआधीच दुसऱ्या फेरीची यादी बंद! आमच्या मराठी मंडळातल्या एकाने नोव्हेंबर २०२० मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. तेव्हा नोंदणीची मुदत ७ डिसेंबरपर्यंत होती, म्हणून आयुष्यातले इथले पहिले मत त्याला ५ जानेवारीला देता आले. २०२२ मध्ये मुदत ७ नोव्हेंबरला संपली. माझ्या एका मैत्रिणीने त्याच महिन्याच्या मध्याला शपथ घेतली, आणि दुसरी फेरी तिने घरी बसून टीव्हीवर पाहिली. लवकर मतदानाचे, म्हणजे मुख्य दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देण्याचे, दिवसही घटले, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी केंद्रे उघडण्यासाठी कोर्टात जावे लागले. मी दोन तास रांगेत उभी होते. माझ्या पुढे रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स होती, ती भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घेत होती.

याला उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या वाचकांना नवा नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मी नाशिकला मत दिलेले आहे. आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. पहिल्या पसंतीवर कुणी कोटा (जिंकायला लागणारी मते) गाठला नाही, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. मतदाराला परत बोलवावे लागत नाही. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले ते दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच. विशेष म्हणजे जॉर्जियानेही हेच स्वीकारले आहे, पण फक्त परदेशातल्या सैनिकांसाठी आणि परदेशी राहणाऱ्या मतदारांसाठी. चार आठवड्यांत मतपत्रिका समुद्रापार जाऊन परत येणार नाही, म्हणून त्यांना एकदाच पसंतीक्रम लिहून पाठवता येतो. जी सोय सैनिकाला मिळते, ती रांगेतल्या त्या नर्सला का मिळू नये? मी माझ्या भागातल्या आमदारांना हेच लिहिले आहे, आणि पुन्हा लिहिणार आहे.

ऑसॉफ यांच्या जागेसाठी ३ नोव्हेंबर २०२६ ला मतदान आहे, आणि निम्म्याहून जास्त मते कुणालाच मिळाली नाहीत तर पुढची तारीख १ डिसेंबर. तशी वेळ आली तर आपल्या बातमीत कृपया ‘दुसरी फेरी’ असे लिहावे. आणि नोव्हेंबरमध्ये कोण किती टक्क्यांनी पुढे होता याच्या आधी, लवकर मतदानाला रोज किती माणसे आली, तो आकडा द्यावा.

आपली,
एक वाचक
अटलांटा, जॉर्जिया (मूळ नाशिक)