आडदशावताराला कात्री नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तळकोकणातल्या जत्रा सुरू होतील. अलीकडे काही गावांत पालखीला उशीर झाला की दशावतारी मंडळाला सांगितले जाते, 'गणपती तेवढा आणा आणि थेट आख्यानाला लागा.' वेळेची कात्री पडते ती आडदशावतारावर, म्हणजे मुख्य कथेच्या (आख्यानाच्या) आधीच्या पूर्वरंगावर. तो नुसता देवाधर्माचा भाग, खरे नाटक पुढे, अशी त्यामागची समजूत. आमच्या मते ही समजूत साफ चुकीची आहे.

दशावतारी आख्यानाला परंपरेने लेखी संहिता नसते. रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या खोलीत, कथानक सांगितले जाते. राजपार्ट कोण, स्त्रीपार्ट कोण, प्रवेशांचा क्रम काय, पद कुठे, युद्ध कुठे एवढे ठरते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. नेपथ्य म्हणजे मागे पडदा आणि पुढे एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत. छापील नाटकात लेखकाने आधीच बांधून दिलेले असते ते इथे नटाचा शब्द, त्याचे पाऊल आणि पेटी-पखवाज-झांजेची साथ यांतून त्याच रात्री बांधायचे असते. ही तिन्ही अंगे एकमेकांशी जुळतात ती आडदशावतारात.

साथीचेच घ्या. जत्रेच्या रात्री दव पडते. हवेत ओल आली की पखवाजाचे कातडे सैल पडून आवाज उतरतो. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो पुन्हा पट्टीत आणावा लागतो, धुमीची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक पाहावी लागते. सूत्रधाराचे गणेशस्तवन चालू असताना हे करता येते. राजपार्टाच्या पहिल्याच पदात करायची पाळी आली तर प्रवेश बसलाच म्हणून समजा.

मग रिद्धी-सिद्धीसह गणपती, भटजीची पूजा, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि त्यानंतर संकासुर. डोक्यापासून पायापर्यंत काळा, वेद पळवणारा आणि तोंडाने अस्सल मालवणी. समोरचे देव ग्रांथिक मराठी बोलतात, हा गावातल्या रस्त्यापासून भाताच्या दरापर्यंत काहीही काढतो, आणि सूत्रधार त्याला पुन्हा कथेवर आणतो. आज या रंगमंचावर दोन्ही भाषा चालणार आहेत, हे प्रेक्षकाला इथे न सांगता कळते. वेदांची चोरी, मागणी, नकार, विष्णूशी युद्ध, वध : आरंभापासून शेवटापर्यंतची सगळी बांधणी एवढ्याशा खेळात उघडी दिसते. नाटकाचे घटक शिकवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना हाच भाग दाखवावा. आणि ही रीत जत्रेपुरती नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्या नाटकांचा आरंभही सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती असाच होता, आणि पात्रे बोलत तीही आयत्या वेळचे.

पूर्वरंग गाळला की बिघडते काय? माणसे अजून खाज्याच्या दुकानांपाशी असतात, माइकचा आवाज बसलेला नसतो, आणि त्याच गोंधळात राजपार्टाला आपली ओळख आणि कथेचे बीज सांगावे लागते. तो ओरडून बोलतो. बीज कुणाच्या कानी पडत नाही, आणि पहाटेच्या शोकपदाला त्याचा गळा उरत नाही.

वेळ वाचवायचाच असेल तर आडदशावतार आणि आख्यान यांच्या मध्ये होणारे सत्कार आणि भाषणे पालखीआधी उरकावीत. धुराचे नि दिव्यांचे ट्रिकसीन कमी करावेत. कथेला नको असलेला चमत्कार शब्दयुद्धाचा वेळ खातो, आणि शब्दयुद्ध हा तर आख्यानाचा प्राण. माइक पुढे एका रांगेत उभे करू नयेत. नट त्यांना खिळून उभा राहतो आणि बाकड्याभोवतीची फेरी, म्हणजे त्याचा निम्मा अभिनय, बुडतो. वर टांगावेत. पेटीचा आवाज संवादाच्या खाली ठेवावा.

आडदशावताराला अर्धा तास तरी मिळायला हवा. जत्रा समित्यांनी यंदाच्या हँडबिलावर आख्यानाच्या नावाआधी त्याची वेळ छापावी, ही विनंती.

आपले,
दशावतारप्रेमी वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग